उजवा गाल

वेळशी, ता. गुहागर
१२ सप्टेंबर २०२४

कादिरभाई यांना किशोरीचा नमस्कार.

शरीफाभाभी आणि मुलं मजेत असतील असं धरूनच पुढे लिहिते, कारण आज विचारायचं आहे ते वेगळंच आहे. हे पत्र हातानं लिहून त्याचा फोटो तुम्हाला पाठवते आहे. फोनवर बोलायला लागले की सासूबाई पाणी प्यायला येतात आणि तासभर पीतच राहतात. त्यांना अजून खरं सांगितलेलं नाही. मुलगा साइटवर पाय घसरून पडला, एवढंच त्यांना ठाऊक आहे. तुम्हीही असंच लिहून फोटो पाठवा, म्हणजे मला दोनदा वाचता येईल.

नऊ जुलैला तुमचा फोन आला, की तुमचा वर्गमित्र आणि माझा नवरा विश्वनाथ जेद्द्याजवळच्या इकॉनॉमिक सिटीत पाइप जोडता जोडता कोसळला, मेंदूच्या मागच्या बाजूला रक्त पोचलं नाही, डावा हात-पाय गेला. मी रडले, देवाला हात जोडले, तुमचेही आभार मानले. ऑगस्टमध्ये ते माझ्याशी फोनवर बोलत होते. जीभ जड होती, पण बोलत होते. मला म्हणाले, "गणपतीला नाही, पण दिवाळीला चालत येतो."

मग एकाएकी काय झालं? आता फोन लावला की "हॅलो" म्हणतात, आणि पुढे नुसता श्वास. काल गौरी जेवायच्या दिवशी व्हिडिओ लावला, तर तोंड भिंतीकडे फिरवलं. तुम्ही म्हणता, डोकं दुखतं. डोकं दुखणारी माणसं मी पाहिली आहेत, ती बायकोकडे पाठ करत नाहीत. आणि त्यांना अंधाऱ्या खोलीत ठेवलंय असं तुमच्या तोंडून निसटलं, मग तुम्ही विषय बदलून कोकमाचे भाव विचारलेत. शराफियाच्या बाजारात तुमचं दुकान आहे, भाव तुम्हाला माझ्याहून चांगले ठाऊक असणार.

काय लपवताय? जे असेल ते सांगा. मी खंबीर आहे.

किशोरी

जेद्दा
२० सप्टेंबर, शुक्रवार

किशोरीवहिनींना कादिरचा सलाम.

पत्र वाचून शरीफा म्हणाली, "या बाईला पोलिसात घ्यायला पाहिजे होतं, अंगणवाडीत कशाला बसवली?" रागावू नका. तिला तुमचं कौतुकच आहे.

आता खरं काय ते ऐका. ऑगस्टपर्यंत विसूचं उत्तम चाललं होतं. व्यायाम करून घेणारी अरवा म्हणून एक सौदी मुलगी आहे, पंचवीस-सव्वीसची, नाकासमोर चालणारी. ती त्याला दोन दांड्यांमध्ये उभा करून चालवायची. सहा पावलं टाकायचा. ऑगस्ट संपता संपता डोकं दुखायला लागलं. व्यायामाच्या हॉलमध्ये नेला की किंचाळायचा, अंग चोरायचा. हॉलमध्ये दिवे फार आहेत. उजेडानं डोकं चढतं असं डॉक्टरांनी ठरवलं आणि त्याला कोपऱ्यातल्या खोलीत हलवला. पडदे लावलेले, डोळ्यांना काळा चष्मा. यात लपवण्यासारखं काही नाही. तुम्ही घाबराल म्हणून मी कोकमावर गेलो.

पण एक गोष्ट सांगायला हवी. तीन आठवडे व्यायाम बंद आहे. त्यांच्या भाषेत तो "सहकार्य करत नाही". पंधरा ऑक्टोबरला डॉक्टरांची बैठक आहे. तोवर हा उठून हॉलमध्ये गेला नाही तर उपचार खलास, कंपनी त्याला स्ट्रेचरवर घालून मुंबईच्या विमानात चढवणार. आत्ता सहा पावलं टाकणारा माणूस मग कायमचा खाटेवर, असं अरवाच म्हणाली. ती वाईट वाटून म्हणाली, धमकी म्हणून नाही.

मी दर शुक्रवारी नमाजनंतर जातो. आज फोटो काढलाय, सोबत जोडतो. तुमचा माणूस जागेवर आहे, बघून घ्या.

कादिर

वेळशी
२४ सप्टेंबर

कादिरभाई,

फोटो बघितला. मोठा करून बघितला. भावोजींच्या, म्हणजे नीलेशच्या लॅपटॉपवर टाकून बघितला. अंगणवाडीत मुलांची वजनं लिहून लिहून मला एक सवय लागली आहे. जे दिसतं ते आधी मांडायचं, मग रडायचं. तेव्हा मांडते.

दाढी. हा माणूस सुतकातसुद्धा अकरावा दिवस कधी येतो म्हणून तळमळायचा. आता हातभर दाढी, आणि तीही उजव्या गालावर जास्त जंगल. मग तो लाल चौकटीचा रुमाल, तुमच्याकडचे लोक डोक्याला घालतात तो. तो यांच्या तोंडाभोवती असा सैलसर कशाला? भर खोलीत? ताटात पेज. सुके बोंबील कडाकडा चावणारा माणूस पेज कधीपासून प्यायला लागला? दात पिवळे. दोन वेळा घासणारा माणूस. पलंग भिंतीपासून ओढून तिरका केलाय आणि हे एसीकडे पाठ करून बसलेत, उजव्या गालामागे उशी उभी करून. बोलत नाहीत हे तर आहेच. आणि उशीखालून एका पाकिटाचा चंदेरी कोपरा दिसतोय. ते गोळ्यांचं पाकीट आहे. दवाखान्यात गोळ्या नर्स देते, उशीखाली कोण ठेवतं?

नीलेशभावोजी फोटो बघून काय म्हणाले ते लिहू की नको, असं दोन दिवस चाललं होतं. लिहिते. ते म्हणाले, "वहिनी, दादा बाटला. दाढी, रुमाल, घरच्यांशी बोलणं बंद. कादिरनं त्याला तिथे नवीन घर करून दिलंय."

मी त्यांना गप्प केलं. पण मनातलं गप्प बसत नाही. वेळशीच्या मोहल्ल्यातलं तुमचं घर आणि आमचं घर यांच्यामध्ये एक विहीर आहे, त्या विहिरीचं पाणी दोघांनी प्यायलंय, म्हणून तोंडावर विचारते. असं काही आहे का?

खरं-खोटं एकाच गोष्टीनं कळेल. लग्नात उंबऱ्यावर नणंदांनी अडवल्यावर यांनी माझं नाव घेतलं होतं. उखाणा यांनी स्वतः जुळवला होता. तुम्ही लग्नाला नव्हतात, म्हणजे तो तुम्हाला ठाऊक असायचं कारण नाही. त्यांना विचारा आणि मला लिहून पाठवा.

किशोरी

जेद्दा
४ ऑक्टोबर

वहिनी,

मागच्या शुक्रवारी मी उत्तर दिलं नाही, कारण दिलं असतं तर ते पुसता आलं नसतं. पाचवीपासून दहावीपर्यंत विसू आणि मी एका बाकावर बसलो. तो डावखुरा, मी उजवा, लिहिताना कोपर लागायचं म्हणून बाईंनी आमच्या जागा बदलल्या होत्या. त्याच्या डाव्या हातात जीव असता तर त्यानं स्वतःच तुम्हाला लिहिलं असतं आणि मला हे ऐकावं लागलं नसतं.

रुमाल माझा आहे. त्यानं मागितला, मी काढून दिला. तुम्हाला त्यात जे दिसलं ते मला दिसलं नाही.

उखाणा विचारला. त्याला तुमचं पत्र अख्खं वाचून दाखवलं, नीलेशचं वाक्य सोडून. तो हसला. मग सांगायला तोंड उघडलं, "लो" एवढंच आलं आणि चेहरा असा वेडावाकडा झाला की मी नर्सला हाक मारली. डोळ्यांतून पाणी. मग भिंतीकडे तोंड करून पडला तो पडलाच. आता यावरून तुम्ही काय समजायचं ते समजा.

तुमच्यासाठी नाही, पण माझ्या मनाच्या समाधानासाठी मी फाइल बघायला मागितली. फाइल इंग्रजीत. वॉर्डात उसामा नावाचा लखनौकडचा पोरगा आहे, पेशंटचं हिंदी ऐकून तो डॉक्टरांना सांगतो. त्यानं मला वाचून दाखवलं. म्हणाला, "भाईजान, ये तो पहले दिन से बोल रहे हैं, चमक आती है, चमक आती है. इसी लिए तो अँधेरे में रखा." आणि पुढे लिहिलंय, की पेशंटला दिवसांचं भान नाही. कधी आलं विचारलं की "कल, कल" करतो, काल म्हणतो की उद्या तेही कळत नाही. म्हणून मेंदूच्या गोंधळाचंही एक औषध चालू केलंय. तुम्हाला लपवलेलं हवं होतं ना? हे घ्या. याहून जास्त माझ्याकडे काही नाही.

बैठकीला अकरा दिवस आहेत.

कादिर

वेळशी
५ ऑक्टोबर

कादिरभाई,

हे पत्र वाचून होईपर्यंत रागावू नका, नंतर वर्षभर रागवा.

तुमचं पत्र मी सकाळी स्वयंपाकघरात वाचत होते. सासूबाई केरसुणी घेऊन खाली वाकल्या आणि तशाच राहिल्या. ना वर, ना खाली. मी धावले. जरा वेळानं म्हणाल्या, "बोलव नको गो माका. कंबरेत चमक भरलीय. बोललां की कळ येता."

कादिरभाई, माझ्या हातात तुमचं पत्र होतं. चमक आणि कळ. त्यांनी दोन वाक्यांत दोन्ही शब्द उच्चारले आणि त्यांच्या डोळ्यांपुढे कसलाही उजेड नव्हता, ना त्या कालचं बोलत होत्या ना उद्याचं.

या आईच्या पोटचा तो मुलगा आहे. "चमक येते" म्हणजे सुई घुसावी तशी वेदना येते. "कळ" म्हणजे कळ. त्या उसामाला हिंदीत चमक म्हणजे उजेड आणि कळ म्हणजे कल. त्याचा दोष नाही, त्यानं ऐकलं ते सांगितलं. पण तुम्ही? तुम्ही मराठी शाळेत शिकलात ना?

आता माझी ती यादी पुन्हा वाचा. मी ती संशयानं लिहिली होती, दुसऱ्या मनानं वाचा. गालाला वस्तरा लागत नाही. गालाला वारा लागू देत नाहीत. चावत नाहीत. ब्रश घालत नाहीत. बोलत नाहीत. सगळं गालाचं आहे, कादिरभाई. डोळ्याचं काहीच नाही.

शुक्रवारची वाट बघू नका. आज जा. त्या अरवाला सांगा.

आणि तरीही विचारते, कारण माझा स्वभाव असा आहे. उशीखालच्या गोळ्यांबद्दल तुम्ही मागच्या पत्रात एक अक्षर लिहिलं नाही. रुमालाचं लिहिलंत, उखाण्याचं लिहिलंत, गोळ्यांचं नाही.

किशोरी

जेद्दा
८ ऑक्टोबर

किशोरीवहिनी,

गेलो. दुकान शरीफाच्या हवाली करून त्याच संध्याकाळी गेलो. बावीस वर्षं गिऱ्हाइकांशी हिंदी बोलून बोलून मला ती चमक चमकच ऐकू आली. नीलेशला सांगा, विसू बाटला नाही, बाटला तो माझा कान.

अरवानं तुमचं पत्र मागून घेतलं, यादीचं. मी एकेक ओळ हिंदीत सांगायची, उसामानं इंग्रजीत लिहायची. तो बिचारा लिहिताना "अल्ला, अल्ला" करत होता. दाढी, वारा, चावणं, दात घासणं, बोलणं. अरवानं तो कागद मोठ्या डॉक्टरांकडे नेला. ते आले, खिशातून कापसाचा एक बोळा काढला आणि विसूच्या ओठाच्या उजव्या कोपऱ्याला नुसता टेकवला. विसूनं पलंगाचा गज धरला आणि असा ओरडला की बाहेर बसलेली माणसं उठून उभी राहिली. डॉक्टर त्याला "सॉरी, सॉरी" म्हणाले. वहिनी, इतके आठवडे सगळ्यांनी त्याच्या डोळ्यांत बॅटऱ्या मारल्या, पण गालाला बोट लावून कुणी बघितलं नव्हतं.

चेहऱ्याची जी शीर असते तिचं मूळ मेंदूत जिथे आहे, तिथेच त्याला झटका बसला होता. त्या जागेतून आता खोट्या कळा सुटतात. हॉलमध्ये तो दिव्यांना नाही, दांड्यांच्या बरोबर वर असलेल्या एसीच्या झोताला किंचाळायचा. चष्मा काढला, पडदे उघडले, दांड्या दुसऱ्या भिंतीला हलवतायत. नवीन औषध चालू केलंय. मिरगीवर देतात तेच आहे, नाव वाचून दचकू नका. या कळा दाबायला तेच लागतं असं डॉक्टर म्हणाले. गोंधळाचं औषध बंद.

आता गोळ्या. तुमची नजर चुकवायची म्हणजे कठीणच. त्या मी आणून दिल्या.

विसूनं ऑगस्टच्या शेवटी मला खुणेनं गाल दाखवला. मला वाटलं, दाढ. डॉक्टरांना सांगू म्हटलं तर उजव्या हातानं माझा हात धरून विनवायला लागला. त्यांच्या कॅम्पमधल्या एकाच्या चार दाढा काढल्या आणि दुखणं होतं तिथंच राहिलं, त्याची त्याला भीती. मग मी कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडून डोकेदुखीच्या गोळ्या आणून उशीखाली ठेवायला लागलो. आधी दिवसाला दोन. मग सहा. डॉक्टरांना ठाऊक नाही, नर्सला ठाऊक नाही. परवा सगळं कबूल केलं. डॉक्टर मला रागावले नाहीत, त्यानंच जास्त लागलं. म्हणाले, गालाच्या कळा वेगळ्या, पण दिवसभराचं जे डोकं दुखतंय ते या रोजच्या गोळ्यांमुळेच. दुखणं थांबवायला घ्याव्यात, तर त्याच दुखणं वाढवतात. आता एकदम बंद. पहिले आठ दिवस डोकं जास्तच ठणकेल, मग उतरेल.

मित्र म्हणून केलं, वहिनी. तुम्ही मला विचारलंत काय लपवताय, तेव्हा मी कोकमाचे भाव विचारले ते या गोळ्यांमुळे. तुमचा संशय खरा होता, फक्त त्याचा पत्ता चुकला होता.

कादिर

वेळशी
१० ऑक्टोबर

कादिरभाई,

तुमच्यावर फार चिडले आहे. दिवसाला सहा गोळ्या. मुलांना खाऊ देतात तशा. मग विचार केला, की मी तिथे असते आणि यांनी माझा असा हात धरला असता, तर मी काय केलं असतं? बारा दिल्या असत्या.

आता माझं ऐका. मीही एक गोष्ट लपवली. तुमचं उत्तर आलं नाही त्या आठवड्यात मी नीलेशभावोजींना मोहल्ल्यात पाठवलं होतं, तुमच्या अम्मीकडे, तुमचा मुलगा काय करतोय ते विचारायला. भावोजी काय बोलले देव जाणे. अम्मीनं त्यांना चहा दिला, एवढंच ते सांगतात. मी काल स्वतः गेले आणि त्यांच्या पायाशी बसले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि सांगितलं, की कादिर दर शुक्रवारी दवाखान्यातून आला की त्यांना फोन करतो आणि रडतो. हे तुम्ही कधी लिहिलं नाहीत.

माझी लाज वाटते मला. याहून चांगल्या शब्दांत लिहिता येत नाही.

सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "माका पयल्या दिसापासून ठाऊक होतां. पाय घसरलेला माणूस बोलूक विसरता काय?" आमच्या घरात संशय घेणारी मी एकटी नाही, असं दिसतंय.

पंधरा तारखेला काय होतंय? मिरगीचं औषध देऊन माणूस गुंगीत राहत नाही ना? गुंगीत असला तर तो चालणार कसा? हे डॉक्टरांना विचाराच.

किशोरी

जेद्दा
१८ ऑक्टोबर, शुक्रवार

किशोरीवहिनींना सलाम.

अम्मीला कुणी सांगितलं होतं बोलायला! जाऊ द्या. तिच्या हातचा चहा प्यायलात ना, मग हिशेब मिटला.

गुंगीचं विचारलं. थोडी येते, म्हणून औषध हळूहळू चढवतायत, आणि रक्ताची तपासणी करतायत. गोळ्या बंद केल्यावर चार दिवस विसूनं डोकं एका हातानं दाबून धरून काढले. रोज दोन वेळा अरवा एका कागदावर लिहून घ्यायची, कळ किती वेळा, कशानं, किती जोराची. "कळ" हा शब्द आता तिला पाठ आहे. उसामाला येत नाही, तिला "ळ" स्वच्छ म्हणता येतो. आधी दिवसाला चाळीसेक कळा होत्या. काल सात. पूर्ण जातील असं डॉक्टर सांगत नाहीत, पण माणसाला जगता येईल एवढ्या कमी होतील म्हणतात.

पंधराच्या बैठकीत मला आत घेतलं नाही. बाहेर बसून मी शराफियातल्या साऱ्या भाज्यांचे भाव मनात म्हटले. अरवा बाहेर आली आणि सहा बोटं दाखवली. सहा आठवडे, वहिनी. आणखी सहा आठवडे त्याला इथेच ठेवून चालवणार. बैठकीच्या आधी तिनं त्याला दांड्यांत उभा केला होता. नऊ पावलं.

दिवाळीला मात्र येणार नाही. डिसेंबरात येईल, चालत की काठीनं ते अजून कुणी सांगू शकत नाही.

आज शरीफा बरोबर होती. तिनं पेजेऐवजी मऊ घावणे आणले होते, नारळाच्या रसात भिजवून. दोन खाल्ले, डाव्या बाजूनं, हळूहळू चावून. मग मला म्हणाला, "कादर, लिही." मी म्हटलं काय लिहू, तर म्हणाला, "तिला हवाय तो." आणि थांबत थांबत, मधे दोनदा श्वास घेत म्हणाला:

लोखंडाला लोखंड जोडतो, सांधा दिसत नाही,
किशोरीचं नाव घेतो, घाम पुसत नाही.

हे खरं की खोटं मला माहीत नाही, तुम्हालाच माहीत. एवढं बोलताना त्याच्या कपाळावर घाम आला होता. उखाणा संपला, आणि त्यानं शरीफाच्या हातातला टॉवेल ओढून घेतला आणि तोंड पुसलं. अख्खं तोंड. ऑगस्टपासून त्या चेहऱ्याला नर्सला ओला कापूससुद्धा लावता येत नव्हता. शरीफा माझ्याकडे बघायला लागली, मी तिच्याकडे. त्याला स्वतःला ते कळलंच नव्हतं.

कादिर

वेळशी
१८ ऑक्टोबर, संध्याकाळ

कादिरभाई,

उखाणा खरा आहे. लग्नात उकडत होतं, ते घामानं निथळत होते आणि रुमाल पुढे करणाऱ्या नणंदेला त्यांनी हा म्हणून दाखवला होता. दारात जमलेली सगळी माणसं हसली होती. मी सासूबाईंना वाचून दाखवला. त्या आता देवघरात जाऊन बसल्या आहेत आणि दार लावून घेतलंय.

एकच राहिलं आहे. मला संशयखोर म्हणा, पण ते कळल्याशिवाय मला झोप लागणार नाही. तोंड पुसताना टॉवेल आधी कुठल्या गालावरून फिरवला?

किशोरी

जेद्दा
१८ ऑक्टोबर

वहिनी,

उजव्या. दोनदा.

कादिर